पुस्तक सुचवा म्हणतात तेव्हा

ऑक्टोबर लागला की विचारणा सुरू होते. १५ तारखेला, डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीला, शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्याच्या पाठोपाठ दिवाळीची सुट्टी आणि भाचरांना द्यायच्या भेटी. ‘आठ वर्षांचा मुलगा आहे, एखादं चांगलं पुस्तक सुचवा ना.’ प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देता येईल असं त्यात जवळजवळ काहीच नसतं. मुलगा स्वतः वाचतो की कुणी वाचून दाखवणार आहे? शाळा कोणत्या माध्यमाची? घरात मराठी किती कानावर पडते? शेवटचं कोणतं पुस्तक त्याने पुरं केलं आणि कोणतं अर्ध्यावर टाकलं? यातला शेवटचा प्रश्न अगदी न चुकता विचारा. आवडलेल्या पुस्तकाचं नाव मुलं बऱ्याचदा समोरच्याला बरं वाटावं म्हणून घेतात, टाकून दिलेल्या पुस्तकाबद्दल मात्र खरं बोलतात.

हा लेख पुस्तकं सुचवण्याचं काम गळ्यात पडलेल्यांसाठी आहे: शाळेच्या ग्रंथालयाच्या बाई, सोसायटीत बालवाचनालय चालवणारे आजोबा, व्हॉट्सॲपच्या पालकगटात ‘हे वाचा’ म्हणून फोटो टाकणारी मावशी. वर्तमानपत्रांतून मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं इतकी क्वचित येतात, की मराठीत बालसाहित्याची खरी समीक्षा हीच मंडळी करतात. ती नीट केली तर पुस्तकं खपतात आणि वाचलीही जातात.

पुस्तक परिचयाचा एक ठरलेला साचा आहे. भाषा ओघवती, मुखपृष्ठ आकर्षक, आशय संस्कारक्षम आणि पुस्तक प्रत्येक घरात असायलाच हवं. यातून वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? तुम्ही लिहिलेल्या परिचयातलं पुस्तकाचं नाव झाका. तोच मजकूर शेजारच्या पुस्तकालाही चालत असेल, तर पुन्हा लिहायला बसा. आणि ‘यातून मुलांना काय शिकायला मिळेल?’ हा प्रश्न निदान पहिल्या परिच्छेदातून हद्दपार करा. मोठ्यांच्या कादंबरीबद्दल आपण असं विचारत नाही. मुलांच्या पुस्तकाला मात्र बोधाची पावती दाखवल्याशिवाय घरात प्रवेश मिळत नाही. याचा परिणाम लेखकांवरही झाला आहे. शेवटच्या पानावर कुणीतरी आजोबा उगवतात आणि गोष्टीचं तात्पर्य सांगून जातात. परीक्षकाने आधी सांगायचं ते पुस्तकात काय घडतं, ते कसं सांगितलं आहे आणि कोणत्या मुलाला ते रुचेल.

उदाहरणादाखल भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घेऊ. ‘साहसी वृत्ती जोपासणारी अजरामर मालिका’ असं लिहिलं की कर्तव्य पार पडतं, माहिती शून्य. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेत आलेला बनेश फेणे हा काडीपैलवान मुलगा. सायकल, चौकस डोळे आणि तोंडाने काढलेला “ट्टॉक” हा आवाज एवढंच त्याचं भांडवल. कोणत्याही भागापासून सुरुवात केली तरी चालते. प्रकरणं छोटी, संवाद भरपूर. दहा ते तेरा वयाच्या, स्वतः वाचणाऱ्या मुलांना योग्य. आठनऊ वर्षांच्यांना वाचून दाखवा. काळ मोबाइलच्या आधीचा असल्यामुळे “त्याने फोन का नाही केला?” हा प्रश्न येईल, तो आधीच सांगून टाका. २०१७ चा चित्रपट पाहिलेल्या मुलांना हा फेणे वयाने बराच लहान वाटेल.’ पाचसात वाक्यांत पालकाला निर्णय घेता येतो. प्रशंसेचा एकही शब्द वापरलेला नाही, तरी पुस्तक हातात घ्यावंसं वाटतं.

आता प्रकारांकडे वळू. एकाच फूटपट्टीने सगळी पुस्तकं मोजायला गेलं की घोटाळा होतो. कवितासंग्रहात ‘माहिती कमी’ आणि माहितीपुस्तकात ‘कथानक कमकुवत’ असे शेरे मी वाचलेले आहेत.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो चित्रपुस्तकांवर. चोवीस पानं, पानावर दोन ओळी. मोठा माणूस ते चार मिनिटांत संपवतो आणि ‘एवढ्याशा मजकुराला एवढे पैसे?’ म्हणतो. चित्रपुस्तक दोनदा पाहायचं असतं. पहिल्यांदा मजकुरावर हात ठेवून फक्त चित्रं पाहा. गोष्ट कळते का, कुठवर कळते? मग चित्रं झाकून मजकूर वाचा. दोन्ही वेळा तंतोतंत तेच हाती लागलं, तर चित्रकार किंवा लेखक यांपैकी एकजण फुकट राबला आहे. चांगल्या चित्रपुस्तकात शब्द एक सांगतात आणि चित्र भलतंच काही दाखवतं. ‘आई शांतपणे पोळ्या करत होती’ असं वाक्य असतं आणि चित्रात ओट्याखाली मांजर दुधाच्या पातेल्यात तोंड घालत असतं. मूल ते आधी बघतं, आपण बोटाने ओळ वाचत राहतो.

माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं या दृष्टीने अभ्यासायला ठेवावीत. त्या लिहितातही आणि चित्रंही काढतात, त्यामुळे शब्द आणि चित्र यांची कामं त्यांच्या हातात नीट वाटली जातात. ‘राधाचं घर’मधली माणसं घ्या किंवा यशच्या गोष्टी घ्या. घरात घडण्यासारख्याच घटना, पण कपड्यांच्या घड्या, चपलांचा ढीग, आजीची बसण्याची ढब, सगळं आपल्या ओळखीचं. तुमच्या हातातल्या चित्रपुस्तकातलं घर असंच तपासा. पंखा आहे की शेकोटी? स्वयंपाकघरात बाबा कधी दिसतात का? सगळी मुलं गोरीगोमटी आणि ‘वाईट’ मुलगा तेवढा काळा, असं तर नाही? हल्ली संगणकावर तयार मिळणारी चित्रं चिकटवलेली पुस्तकं बाजारात खूप आली आहेत. पान उलटल्यावर त्याच मुलीचं नाक बदललेलं असतं. मुलांच्या हे लगेच लक्षात येतं, आणि परिचयात ते नोंदवायला हवं. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर आहे का, हेही पाहा. नसेल तर निदान तुमच्या परिचयात द्या.

कविता डोळ्यांनी वाचून मत देऊ नये. मोठ्याने म्हणा, जमलं तर चालता चालता म्हणा. ठेका कुठे अडखळतो ते पायाला कळतं. मराठी बालकवितेचा मोठा रोग म्हणजे यमक जुळवलेलं प्रवचन: झाडे लावा, पाणी वाचवा, हात धुवा. सूचना योग्य असतील, पण त्या भिंतीवर रंगवाव्यात. याउलट विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ किंवा ‘एटू लोकांचा देश’मध्ये उपयोगाचं असं काहीच मिळत नाही, मिळतो तो तर्काला टांग मारून जाणारा निखळ वात्रटपणा आणि अतिशय कसलेली लय. असा संग्रह सुचवताना ‘कल्पनाशक्तीला चालना’ वगैरे लिहू नका. कोणत्या कविता दोघांनी मिळून म्हणता येतात, कोणती एका दमात म्हणायची स्पर्धा लावता येते, ते लिहा. मुलांना चाल लावून द्यायची आयत्या वेळची गरज शिक्षकांना नेहमीच असते, तुमच्या दोन ओळी त्यांना उपयोगी पडतील.

लोककथांच्या पुस्तकाचं परीक्षण करताना गोष्ट तीच आहे म्हणून पुस्तकं सारखी मानू नयेत. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट कुणाला माहीत नाही? जंगलातून लेकीकडे निघालेली म्हातारी, तिला खायला टपलेली जनावरं, ‘लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते’ ही तिची थाप आणि परतीचा भोपळ्यातला प्रवास. या गोष्टीची सगळी मजा भीतीत आहे. अलीकडच्या काही आवृत्त्यांत वाघोबा म्हातारीला ‘सांभाळून जा हं’ म्हणतात. हिंसा नको म्हणून हा बदल. पण वाघ खाणारच नसेल तर म्हातारीला भोपळ्यात बसायचं कारणच उरत नाही! तीन वर्षांचं मूल आईच्या मांडीत बसून ही भीती सुरक्षितपणे चाखतं आणि ‘परत सांग’ म्हणतं. गोष्ट सांगणाऱ्याने ती पातळ केली आहे का, ती कोणत्या भागातून आली हे सांगितलं आहे का, बोलीचा काही वास शिल्लक ठेवला आहे का, हे पाहा. मात्र लोककथांत सावत्र आई, काणा माणूस, अमुक जातीचा लबाड असले जुने ठोकताळेही येतात. ते आले असतील तर परिचयात स्पष्ट लिहा. त्यावर काय करायचं ते पालक ठरवतील.

रहस्यकथा आणि साहसकथांना एकच गोष्ट विचारायची: डाव सरळ खेळला आहे का? गुन्हेगार ओळखायला लागणारे धागे वाचकासमोर आधी आले होते का, की शेवटच्या प्रकरणात अचानक जुळा भाऊ निघाला? आणि सोडवतं कोण, मुलं की ऐनवेळी जीपमधून उतरणारे इन्स्पेक्टर काका? शेवट अर्थातच फोडायचा नाही. विज्ञानकथेत एखादी कल्पना खरी मानली की तिचे परिणाम लेखकाने शेवटपर्यंत इमानाने पाळायला हवेत. जयंत नारळीकरांच्या कथा वाचलेल्या मुलांना, यंत्रमानवाचं नाव घेऊन सांगितलेली परीकथा लगेच ओळखू येते. भयकथा सुचवताना वयापेक्षा मुलाची झोप कशी आहे ते विचारा.

माहितीपुस्तकांवर मात्र थोडा वेळ घालवावा लागतो, कारण इथली चूक मूल वर्षानुवर्षं बाळगतं. सगळं पुस्तक तपासणं शक्य नसतं. तुम्हाला स्वतःला पक्क्या माहीत असलेल्या तीन गोष्टी शोधून तेवढ्याच ताडून पाहा. अवकाशाच्या पुस्तकात ग्रह नऊ आहेत का? २००६ मध्ये प्लूटोला बटुग्रह ठरवलं, तरी नऊ ग्रहांची पुस्तकं अजून नवी कोरी विकली जातात. भारताविषयीच्या पुस्तकात राज्यं २८ आणि केंद्रशासित प्रदेश ८ आहेत का? न्यूटनच्या थेट डोक्यावर सफरचंद आदळलं आहे का? झाडावरून सफरचंद पडताना पाहून विचार सुरू झाला, असं न्यूटन स्वतः सांगत असे. डोक्यावर पडल्याची पुस्ती नंतरच्यांची.

प्राण्यांच्या पुस्तकात तर सरळ चित्त्याचं पान उघडा. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते आणि अंगावर भरीव ठिपके असतात; बिबट्याच्या अंगावर मध्ये पोकळ अशी ठिपक्यांची वर्तुळं असतात. ‘चित्ता’ म्हणून बिबट्याचा फोटो छापलेला असेल, तर बाकीच्या पानांवरही भरवसा ठेवू नका. मजकुरात ‘भारतात आता चित्ता नाही’ असं असेल, तर पुस्तक २०२२ च्या आधीचं आहे, किंवा नंतर छापून दुरुस्त न केलेलं आहे. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशात कुनोमध्ये सोडले गेले. श्रेयपान वाचायची सवय लावून घ्या. नवी आवृत्ती आणि नुसतं पुनर्मुद्रण यांत फरक आहे, आणि माहितीपुस्तकाच्या बाबतीत तो पैशांइतकाच महत्त्वाचा आहे.

चरित्रांचं दुखणं वेगळं. नायक पाळण्यातच थोर असतो. तो कधी हट्ट करत नाही, त्याला गणित अवघड जात नाही, त्याचे विरोधक केवळ दुष्ट म्हणून विरोध करतात. सावित्रीबाईंवरची बरीच मुलांची पुस्तकं शेणामातीच्या माऱ्याच्या प्रसंगावर थांबतात. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, पण त्या शाळेत शिकवायचे काय, मुली किती वयाच्या, लोकांनी मुली पाठवल्या तरी कशा, हे ज्या पुस्तकात येतं ते वरचढ मानावं. ऐतिहासिक कथेत संवाद कल्पित असणारच. कल्पित कुठे आणि पुराव्याचं कुठे, एवढं लेखकाने प्रस्तावनेत सांगितलेलं असावं.

नाटकाची पुस्तकं आपण सुचवतच नाही, आणि इथे मुलांना मोठ्याने वाचायचं आयतं निमित्त मिळतं. रत्नाकर मतकरींची ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ यांसारखी नाटकं वर्गात पात्रं वाटून नुसती वाचली तरी तास कसा जातो ते कळत नाही. नाटकाच्या परिचयात पात्रं किती, मुलींना वाटा किती, नेपथ्य केवढं लागतं आणि प्रयोगाला साधारण किती वेळ, हे द्या. प्रयोग करायचा तर हक्कधारकांची परवानगी लागते, हेही सांगा. स्नेहसंमेलनाच्या गडबडीत ते कुणालाच आठवत नाही.

अनुवादित पुस्तक उघडून थेट संवादाचं पान काढा आणि ते मोठ्याने वाचा. मुलं एकमेकांशी मराठीत भांडतात तशी भांडत असतील तर पुढे जा. परक्या देशातली झाडं, खाणं, बर्फ याने मुलांचं काही अडत नाही; अडतं ते वाक्यांच्या कृत्रिम ठेवणीने. अनुवादकाचं नाव लिहायला विसरू नका.

वयोगट हा शिफारशीतला सर्वांत फसवा भाग आहे. ‘६ ते १२’ असं मलपृष्ठावर छापणारा प्रकाशक गिऱ्हाईक शोधत असतो. तुम्ही दोन वयं वेगळी द्या: ऐकण्याचं आणि स्वतः वाचण्याचं. दोन्हींत सहज तीन वर्षांचं अंतर असतं. वाचायला नुकत्याच लागलेल्या मुलासाठी पुस्तक सुचवायचं तर कोणतंही एक पान उघडून जोडाक्षरं मोजा. सहा ओळींत दहा जोडाक्षरं आली तर गोष्ट कितीही गोड असो, मूल दमणार. ओळ कुठे तुटते, अक्षर केवढं आहे, चित्रावरच मजकूर छापून तो वाचेनासा केला आहे का, हेही पाहा. प्रथम बुक्स आपल्या पुस्तकांवर एक ते चार असे वाचनस्तर छापते, तो अंदाजाला चांगला आधार आहे.

परदेशात वाढणाऱ्या मुलांची अडचण याच्या उलट. न्यू जर्सीतली अकरा वर्षांची मुलगी इंग्रजीत जाडजूड कादंबऱ्या वाचते आणि मराठी मात्र पहिलीच्या मुलासारखं अक्षर लावत वाचते. तिला चिऊकाऊची गोष्ट दिली तर तिचा अपमान होतो. तिच्यासाठी विनोदी प्रसंग, कोडी, संवादांनी भरलेल्या चित्रकथा शोधाव्या लागतात, ज्यांत भाषा सोपी पण विषय तिच्या वयाचा. असंच भान नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या जिल्हा परिषद शाळेसाठी यादी करतानाही हवं. त्या मुलांची घरची भाषा अहिराणी, भिली, गोंडी असू शकते, आणि सदाशिव पेठेतल्या घरातली गोष्ट त्यांनाही जवळजवळ परदेशातलीच.

मोठ्यांना आवडणारी आणि मुलांना आवडणारी पुस्तकंही वेगळी काढावीत. तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’ वाचून शिक्षक-पालक हेलावतात, कारण त्यांना त्यात कोबायाशींसारखे मुख्याध्यापक दिसतात. मुलांना त्यातले रेल्वेच्या डब्यांत भरणारे वर्ग आवडतात. दोघांनाही सुचवा, पण कारणं वेगवेगळी द्या. ‘श्यामची आई’चंही तसंच. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात एकदम सोपवण्यापेक्षा रात्री एकेक प्रकरण वाचून दाखवावं. त्याची रचनाच रोज रात्री एक आठवण सांगण्याची आहे. कर्ज, जप्तीची नामुष्की, आईचं आजारपण आणि मृत्यू हे सगळं त्यात येतं. हळव्या मुलाच्या पालकांना ते आधी ठाऊक असावं. नुसतं ‘मातृप्रेमाचं महन्मंगल स्तोत्र’ म्हणून मोकळं होणं ही फसवणूक आहे.

वाईट पुस्तकाबद्दल काय लिहायचं? मराठी प्रकाशनविश्व लहान. लेखक ओळखीचा निघतो, प्रकाशक पुस्तक भेट पाठवतो. पुस्तक भेट आलं असेल तर परिचयात तसं सांगावं. निव्वळ सामान्य पुस्तकावर गप्प बसलं तरी चालेल. पण चुकीची माहिती, मुलांना लाजवणारा मजकूर किंवा अवाच्या सवा किंमत असेल, तर पानाचा क्रमांक देऊन लिहावं. ‘पुस्तक फसलं आहे’ यापेक्षा ‘पान १४ वरचा चित्ता बिबट्या आहे’ या वाक्यावर लेखकालाही वाद घालता येत नाही.

शेवटी व्यवहाराच्या चार ओळी हव्यातच: प्रकाशन, पानं, किंमत, आणि पुस्तक सध्या मिळतं का. न मिळणाऱ्या पुस्तकाची रसभरीत शिफारस वाचून पालक दुकानं पालथी घालतात आणि पुढच्या वेळी तुमचं ऐकत नाहीत. परवडत नसेल त्यांना पर्याय सांगा. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत, छापून वर्गात वाटायलाही हरकत नाही.

तुमच्या वाचनालयात पुस्तकाच्या आत, मागच्या पुठ्ठ्याला एक कोरा कागद चिकटवून ठेवा आणि परत करणाऱ्या प्रत्येक मुलाला त्यावर एक ओळ लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नका. ‘२० पानांनंतर बोर झालं’, ‘कुत्रा मेला म्हणून मी पुढचं वाचलं नाही’, ‘दादाने हिसकावून घेतलं’ अशा ओळी जमतात. पुढच्या ऑक्टोबरला यादी करायला बसाल तेव्हा आधी हे कागद वाचा, मग प्रकाशकांची सूचीपत्रं.